वाय-फायचा ड्रायव्हर काढला, तरी तोच परत येतो तेव्हा

डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, वाय-फाय अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' म्हणायचं, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. नेट चालू होतं, आपण खूश. संध्याकाळी व्हिडिओ कॉल ऐन रंगात असताना पुन्हा तेच: कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा, 'नो इंटरनेट', नाहीतर वाय-फायचं बटणच गायब. मग शोधून सापडेल तो ड्रायव्हर (विंडोजला वाय-फायचं कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) उतरवायचा, आधीच्याच्या उरावर बसवायचा, आणि एका दुखण्याची दोन करून घ्यायची.

घरच्या कॉम्प्युटरवर हा खेळ मी दोन महिने खेळलो. मग कळलं की मी काढत होतो ती फक्त अ‍ॅडॅप्टरची नोंद. ड्रायव्हरच्या फाइली विंडोजच्या कोठारात जशाच्या तशा होत्या आणि दर रीस्टार्टला विंडोज तिथूनच तोच ड्रायव्हर काढून परत बसवत होतं. तेव्हापासून कोणाचाही असा कॉम्प्युटर समोर आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो: सध्या नेमका कोणता ड्रायव्हर चालू आहे, तो कोणी बसवला, आणि काढल्यावर तो परत कोण आणतं? यांची उत्तरं मिळेपर्यंत नवीन काही उतरवायचं नाही. पुढे लिहिलंय ते मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी. शेवटी लिनक्सवाल्यांसाठी थोडं.

दुखणं ड्रायव्हरचंच आहे ना?

त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर फोन लावून बघा. फोनचंही नेट त्याच वेळी जात असेल, तर राउटरकडे वळा; इथे वेळ घालवू नका. फोन ठीक आणि फक्त कॉम्प्युटर रडतोय, तर पुढे.

आता फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देण्याची सोय) चालू करा. या वाटेने कॉम्प्युटरवर नेट सुरळीत चाललं, तर बाकीचं नेटवर्किंग धड आहे आणि बिघाड वाय-फाय अ‍ॅडॅप्टर (म्हणजे वाय-फायचं कार्ड) किंवा त्याच्या ड्रायव्हरपाशीच आहे. ही केबल जवळच ठेवा. वाय-फाय बंद असताना ड्रायव्हर उतरवायला हाच मार्ग उरतो, आणि अनेकांना हे ड्रायव्हर काढून टाकल्यानंतर आठवतं.

ड्रायव्हरचं सोंग घेणारी दोन दुखणी आधी बाजूला काढू.

पहिलं यूएसबीचं. डोंगल (यूएसबीत लावायचं वाय-फायचं छोटं यंत्र) यूएसबी ३ च्या पोर्टात आहे आणि शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क लावलीय, अशी मांडणी असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर होते. यूएसबी ३ मधून डेटा वाहताना होणारा रेडिओ गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. हार्ड डिस्कवर कॉपी चालू असतानाच वाय-फाय मंदावत असेल, तर ड्रायव्हर बिचारा निर्दोष आहे. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलवर लांब घ्या किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

दुसरं 'शट डाउन'चं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर कॉम्प्युटर पुरता बंद होत नाही. चालू असलेले ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तीच अवस्था परत उचलली जाते, बिघडलेली असली तरी. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे 'मी रात्री बंद केला होता' याला काही अर्थ नाही. 'रीस्टार्ट केला का?' हा प्रश्न खरा. रीस्टार्टनेही फरक पडला नाही तर कॉम्प्युटर बंद करा, वीज पूर्ण काढा (लॅपटॉप असेल तर चार्जर काढा), पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. अडकून बसलेलं कार्ड एवढ्यानेही कधीकधी शुद्धीवर येतं.

हात लावण्याआधी

सिस्टिम रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आजच्या अवस्थेत परत नेता येईल. वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. सध्याच्या ड्रायव्हरच्या माहितीचा फोनने फोटो काढा. या तीन गोष्टींना मिळून पाच मिनिटं लागतात.

कार्डाची खरी ओळख

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, मेन्यूतून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स' उलगडा. तिथे दिसणाऱ्या नावावर फार विश्वास ठेवू नका. ते नाव ड्रायव्हरने दिलेलं असतं, आणि ड्रायव्हरच चुकीचा असेल तर नावही चुकीचं असू शकतं. कार्डाची खरी ओळख त्याच्या हार्डवेअर आयडीत असते. अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' टॅब, आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा.

आतल्या कार्डाचा आयडी 'पीसीआय'ने सुरू होतो. त्यात 'व्हीईएन' या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, आणि 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे नेमकी चिप. ८०८६ दिसलं की इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस म्हणजे आताचं क्वालकॉम, १४सी३ मीडियाटेक. उदाहरणार्थ, ८०८६ आणि २७२३ अशी जोडी असेल तर ते इंटेलचं एएक्स२००. डोंगलचा आयडी 'यूएसबी'ने सुरू होतो आणि तिथे 'व्हीआयडी' व 'पीआयडी' असतात; व्हीआयडी ०बीडीए असेल तर आत रिअलटेकची चिप आहे.

एवढं खोलात का जायचं? कारण खोक्यावरचं मॉडेल फसवतं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या गाजलेल्या डोंगलचंच घ्या. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती; पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची आली. नाव तेच, खोकं जवळपास तेच, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. डोंगलच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'व्ही१', 'व्ही२' असं छापलेलं असतं, ते भिंगाने का होईना वाचा.

डोंगलची आणखी एक गंमत. काही डोंगल लावल्या लावल्या सीडी ड्राइव्हचं रूप घेतात. त्यात ड्रायव्हरची फाइल असते. ड्रायव्हर बसला की तेच यंत्र वाय-फाय अ‍ॅडॅप्टर होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्कखाली काही दिसत नाही पण 'धिस पीसी'मध्ये अनोळखी सीडी उगवलीय, असं झालं तर डोंगल मेलेला नाही, तो अजून रूप बदलायचा आहे.

ड्रायव्हर टॅब आणि कोड

त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'ड्रायव्हर' टॅबवर तीन ओळी बघा: प्रोव्हायडर, तारीख, व्हर्जन. प्रोव्हायडर 'मायक्रोसॉफ्ट' असेल तर विंडोजसोबत आलेला सर्वसाधारण ड्रायव्हर चालू आहे. कंपनीचं नाव असेल तर तिचा.

तारखेने दचकू नका. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, आणि इंटेलच्या चिपसेटच्या कित्येक फाइलींवर चक्क १८ जुलै १९६८, म्हणजे इंटेल कंपनी स्थापन झाली तो दिवस. हा गलथानपणा नाही. मुद्दाम जुनी तारीख टाकली की दुसऱ्या कोणाचा खास ड्रायव्हर उपलब्ध असताना हा मध्ये लुडबुडत नाही. तारखेला एवढं वजन का, ते पुढे येईलच.

'जनरल' टॅबवर 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत कोड असेल तर अर्धं काम झालं. कोड २२ म्हणजे अ‍ॅडॅप्टर कोणीतरी बंद करून ठेवलाय. राइट क्लिक करून 'एनेबल' करा आणि चहाला जा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ३१ आणि ३९ म्हणजे ड्रायव्हर आहे पण लोड होत नाही किंवा फाइल खराब. ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खात्री पटत नाही, बहुधा कुठल्यातरी आडवाटेच्या साइटवरून आणलेला. ५६ आला तर माझा पहिला संशय व्हीपीएनवर (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या प्रोग्रामवर) जातो. १० आणि ४३ हे दोन सर्वांत तापदायक, कारण ते ड्रायव्हरमुळेही येतात आणि मरत्या कार्डामुळेही. त्यांचा निकाल शेवटच्या चाचणीत लागतो.

आणि हो, त्रास नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर याच टॅबवरचं 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी वापरा. ते बटण फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. चालू असेल, तर निम्म्या लोकांचं काम इथेच संपावं.

कोणी, कधी, काय बसवलं

स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसवार आलेख दिसतो. वाय-फाय पहिल्यांदा कधी बिघडलं तो दिवस आठवून त्यावर क्लिक केलं की त्या दिवशी कोणते प्रोग्राम बसले, कोणते ड्रायव्हर बदलले याची यादी खाली येते. 'मी काहीच केलं नव्हतं' असं आपण शपथेवर सांगतो, आणि इथे त्याच दिवशी अँटिव्हायरस बसवल्याची नोंद निघते.

याहून खोल पुरावा एका टेक्स्ट फाइलीत असतो. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'आयएनएफ' नावाचं फोल्डर आहे, त्यात 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग'. नोटपॅडमध्ये उघडा आणि तुमच्या कार्डाचा हार्डवेअर आयडी शोधा. फाइल अवजड दिसते, पण वाचायच्या ओळी थोड्याच. विंडोजला त्या कार्डासाठी जितके ड्रायव्हर सापडले त्या प्रत्येकाचा एक छोटा तुकडा असतो: आयएनएफ फाइलीचं (ड्रायव्हर कसा बसवायचा ते लिहिलेल्या फाइलीचं) नाव, रँक, तारीख, व्हर्जन. त्यानंतर कोणता निवडला ते लिहिलेलं असतं.

माझा उलगडा इथेच झाला. दोन तुकडे होते, दोघांची रँक सारखी. कंपनीच्या साइटवरून मी उतरवलेल्या ड्रायव्हरचं व्हर्जन मोठं होतं, पण त्यावरची तारीख मागची. कोठारातल्या त्रासदायक ड्रायव्हरचं व्हर्जन लहान आणि तारीख पुढची. निवडला गेला होता तो दुसरा, प्रत्येक वेळी.

कारण विंडोजचा निवडीचा क्रम ठरलेला आहे. आधी बघतात रँक, म्हणजे ड्रायव्हर या कार्डाच्या आयडीशी किती नेमका जुळतो आणि त्यावर सही कोणाची आहे. रँकचा आकडा जितका लहान तितका चांगला. रँक सारखी असेल तर तारीख. तारीखही सारखी असेल तरच व्हर्जन. आपण माणसं व्हर्जनचा आकडा बघून 'नवीन तो चांगला' म्हणतो, विंडोज तारखेवर निकाल देऊन मोकळं होतं. त्यामुळे नको असलेला ड्रायव्हर कोठारात आहे तोवर तो पुन्हा पुन्हा जिंकू शकतो.

भुतं

डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'शो हिडन डिव्हायसेस' चालू करा. नेटवर्कची यादी एकदम दुप्पट होते. फिकट दिसणारी नावं म्हणजे सध्या न जोडलेली यंत्रं: वर्षापूर्वी काढलेलं कार्ड, हरवलेला डोंगल, कधीकाळी वापरलेल्या व्हीपीएनचा अ‍ॅडॅप्टर. नावापुढे '#२', '#३' दिसलं की समजायचं, तेच यंत्र पुन्हा नव्याने नोंदलं गेलंय. बरेच डोंगल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात लावले की अशी नवी नोंद होते आणि जुनी तशीच राहते. म्हणून डोंगलसाठी एक पोर्ट ठरवून टाकावं.

जुन्या कार्डांच्या आणि डोंगलांच्या फिकट नोंदी काढायला हरकत नाही. पण हात आवरायच्या जागाही आहेत. 'वॅन मिनीपोर्ट' नावाच्या सगळ्या नोंदी आणि 'मायक्रोसॉफ्ट वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल अ‍ॅडॅप्टर' (तोही बहुधा '#२'सह असतो) विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्यांना तसंच राहू द्या. व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचे (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरचे) अ‍ॅडॅप्टर इथून काढू नका. ते प्रोग्राम अनइन्स्टॉल करूनच जायला हवेत, नाहीतर मागे अर्धवट शेपूट राहतं.

मुळापासून काढणं

आता खरं काम. क्रम महत्त्वाचा आहे.

योग्य ड्रायव्हर आधी उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलखाली जो आहे तो पहिली पसंती. तिथला फारच जुना असेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीचा. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो' म्हणणारे प्रोग्राम या यादीत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांपैकी सगळ्यात गुंतागुंतीचे त्यांनीच घातलेले असतात.

मग नेट पूर्ण तोडा. लॅनची केबल काढा, टेदरिंग बंद करा. नेट चालू राहिलं तर तुम्ही ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट मागच्या दाराने तोच आणून ठेवेल.

अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. जी खिडकी येते तिच्यातला छोटा चौकोन हा या सगळ्या लेखाचा जीव आहे. विंडोज १० मध्ये तिथे 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' लिहिलेलं असतं, ११ मध्ये 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर फॉर धिस डिव्हाइस'. त्यावर टिक करूनच 'अनइन्स्टॉल' दाबा. टिक नसेल तर फक्त नोंद जाते. टिक असेल तर कोठारातून ड्रायव्हरही जातो.

लगेच 'अ‍ॅक्शन' मेन्यूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा. अ‍ॅडॅप्टर परत आला? ड्रायव्हर टॅब बघा. प्रोव्हायडर अजून कंपनीचाच असेल तर कोठारात त्याची आणखी एक प्रत आहे. पुन्हा टिक करून काढा. मी एका लॅपटॉपवर अशा चार प्रती काढल्यात, चार वेगवेगळ्या वर्षांच्या. मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर किंवा पिवळ्या उद्गारचिन्हाचं अनोळखी यंत्र उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. विंडोजसोबत आलेला ड्रायव्हर मात्र जात नाही, त्याच्यामागे लागू नका.

प्रती जास्त असतील तर 'पीएनपीयुटिल' ही विंडोजमधलीच कमांड बरी. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: पीएनपीयुटिल, जागा सोडून स्लॅश, त्याला जोडून 'एनम-ड्रायव्हर्स'. बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते. प्रत्येकाला 'ओईएम' आणि आकडा असं नाव असतं, जसं 'ओईएम१२ डॉट आयएनएफ'; त्याखाली मूळ नाव, कंपनी, वर्ग आणि तारीख. वर्ग नेटवर्कचा आहे आणि कंपनी तुमच्या कार्डाचीच आहे, याची दोनदा खात्री करा. मग पीएनपीयुटिल, स्लॅश 'डिलीट-ड्रायव्हर', ते ओईएम नाव, आणि शेवटी स्लॅश 'अनइन्स्टॉल'. आकडा चुकला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडेल, म्हणून सांगतो, घाई नको.

कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रामच्या यादीत अ‍ॅडॅप्टरच्या कंपनीचं काही सॉफ्टवेअर असेल तर तेही काढा. रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे. मग डेस्कटॉपवरचा ड्रायव्हर बसवा, पुन्हा रीस्टार्ट, आणि आता नेट जोडा.

परत कोण आणतं

कोठार साफ झालं तरी विंडोज अपडेट उरतंच. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ऑप्शनल अपडेट्स' इथे ड्रायव्हरांची यादी असते. तिथे हौसेने सगळ्यांवर टिक करायची सवय सोडा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये विंडोज अपडेटखाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' हा पर्याय 'एनेबल' करा. होम आवृत्तीत हा एडिटर नाही. तिथे निदान काही आठवडे अपडेट थांबवून ठेवा आणि नवा ड्रायव्हर स्थिर आहे ना ते बघा. तोच जुना ड्रायव्हर पुन्हा आला तर रोल बॅक हाताशी असतो. सगळे अपडेट कायमचे बंद करणं हा उपाय नव्हे, सुरक्षेचे दुरुस्ती-तुकडेही त्यातूनच येतात.

दोन मालक, एक कार्ड

ड्रायव्हर योग्य आहे, कोड नाही, तरी वाय-फाय चालू-बंद होतंय. अशा वेळी बहुधा ड्रायव्हरच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे वाय-फाय हाताळणाऱ्या प्रोग्रामांत भांडण असतं. विंडोजमध्ये वाय-फाय जोडायचं काम 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' नावाची सर्व्हिस करते. जुन्या डोंगलांसोबत आलेले कंपनीचे प्रोग्राम हेच काम स्वतःकडे घेतात, कधी या सर्व्हिसला बंदही करून टाकतात. मग प्रोग्राम काढला की वाय-फायचं बटणच दिसत नाही, आणि दोष ड्रायव्हरवर येतो. 'सर्व्हिसेस' उघडून ही सर्व्हिस चालू आहे आणि तिचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' आहे, एवढं बघा.

पुढे रन खिडकीत 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाइप करून नेटवर्क कनेक्शन्स उघडा, वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. 'धिस कनेक्शन यूझेस द फॉलोइंग आयटम्स' या यादीत प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या डेटाच्या वाटेवरचा एक नाका. मायक्रोसॉफ्टचे नाके असू द्या. व्हीपीएन, अँटिव्हायरस, व्हर्च्युअल मशीन, नेटवरचा डेटा टिपणारी साधनं यांचे फिल्टर दिसले तर एकेकाची टिक काढून बघा. एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर अर्धा तास वापर. ज्याच्या टिकमुळे फरक पडला तो प्रोग्राम रीतसर अनइन्स्टॉल करा किंवा अद्ययावत करा.

जुना ड्रायव्हर काही केल्या लोडच होत नसेल तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' बघा. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असताना न जुळणारे ड्रायव्हर अडवले जातात आणि त्यांची यादीही तिथे मिळते. मेमरी इंटिग्रिटी बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर शोधणं केव्हाही चांगलं.

लॅपटॉपचं आतलं कार्ड संथ म्हणून डोंगल घेतला आणि दोन्ही चालू ठेवले, तर दोघंही त्याच राउटरला जोडतात आणि कोणता डेटा कुठून जाईल याचा भरवसा नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतल्या कार्डाला 'डिसेबल' करा. 'अनइन्स्टॉल' नको, ते रीस्टार्टनंतर हसत परत येईल.

झोपेतून उठल्यावरच वाय-फाय जात असेल, तर अ‍ॅडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर'ची टिक काढा. अनेक नव्या लॅपटॉपांत हा टॅब नसतोच.

तरीही वाय-फाय तुटत असेल तर

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही कमांड द्या. गेल्या तीन दिवसांत वाय-फाय केव्हा जोडलं, केव्हा तुटलं आणि कारण काय नोंदलं गेलं याचं वेब पान तयार होतं. ते कुठे आहे हे कमांडच सांगते. तुटण्याच्या वेळा एका सुतात दिसल्या, म्हणजे दर वेळी झोपेतून उठताना किंवा व्हीपीएन जोडताना, तर गुन्हेगार सापडलाच.

'नेटवर्क रीसेट' मी शेवटी ठेवतो. त्यात सगळे नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढून नव्याने बसवले जातात, व्हीपीएन पुन्हा लावावे लागतात, आणि पुरावा पुसला जातो. नेमकं कशामुळे बिघडलं होतं हे नंतर कधीच कळत नाही.

लिनक्सवर

भांडण तेच, नावं वेगळी. 'एलएसपीसीआय' कमांडला उणे चिन्हासह 'एनएनके' जोडा. तुमच्या कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि 'कर्नल मॉड्यूल्स' अशा दोन ओळी येतात (मॉड्यूल म्हणजे इथला ड्रायव्हर). पहिलीत एक नाव असतं, दुसरीत त्या कार्डावर हक्क सांगणारे सगळे. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांत 'बी४३' आणि 'डब्ल्यूएल' यांची मारामारी नेहमीची. जो नको त्याला 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरातल्या फाइलीत ब्लॅकलिस्ट करावं लागतं, म्हणजे तो आपोआप लोड होत नाही. पहिली ओळच नसेल तर गहाळ फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) किंवा सिक्युअर बूटने (सही नसलेला कोड अडवणाऱ्या सोयीने) अडवलेलं मॉड्यूल, असा संशय घ्या. आणि विंडोजसोबत लिनक्स असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, कारण अर्धवट झोपलेलं कार्ड लिनक्सला कधीकधी उठवता येत नाही.

कार्ड मेलंय की ड्रायव्हर?

कोड १० किंवा ४३ सगळं करूनही जात नसेल, तर पेन ड्राइव्हवर एखादं लिनक्स घ्या आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. तिथे वाय-फाय तासभर नीट चाललं, तर कार्ड जिवंत आहे आणि विंडोजमधलंच काहीतरी राहिलंय. कोठार पुन्हा तपासा. तिथेही कार्ड दिसत नसेल किंवा मध्येच गायब होत असेल, तर ड्रायव्हरचा पाठलाग थांबवा. डोंगल असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. आतलं कार्ड असेल तर वीज काढून, बॅटरी सोडवून ते एकदा काढा आणि पुन्हा घट्ट बसवा, अँटेनाच्या बारीक तारा निसटल्या नाहीत ना तेही बघा.

नवं कार्ड घ्यायची वेळ आलीच तर एक खाचखळगा: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला इतरांसारखीच, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या प्रोसेसरकडच्या चिपसेटमध्ये होतं. त्या जोडीशिवाय ती चालत नाहीत आणि कुठलाही ड्रायव्हर त्यांना चालवू शकत नाही. एएक्स२०० आणि एएक्स२१० साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. आणि ६ गिगाहर्ट्झचा पट्टा हवा असेल तर विंडोज ११ लागतं. १० वर तो दिसत नाही म्हणून ड्रायव्हर बदलत बसू नका.

सगळं सुरळीत झालं की चाललेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल एका फोल्डरात ठेवा आणि फोल्डरच्या नावात व्हर्जन व तारीख घाला. माझ्या त्या फोल्डरात आज तीन फाइली आहेत. गेल्या वेळी वाय-फाय गेलं तेव्हा टेदरिंगची केबल शोधावी लागली नाही.